कॉर्ड बदलण्याआधी मेलडी गा

अरे, पियानोवर गाण्याचे मूळ कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) काढून दुसरे बसवायचे म्हणतोस, पण एकदम सगळे बदलायला जाऊ नकोस, मी पण सुरुवातीला तेच केलं होतं आणि सोबतच्या गायिकेला सूरच सापडेना, बिचारी मधेच थांबली. आधी एकच २-५-१ घे, म्हणजे सी स्केलच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या सुरावरचे कॉर्ड, डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. आता जी सेव्हनच्या जागी डी फ्लॅट सेव्हन वाजव. चालतं का, तर दोन्हीत एफ आणि बी हे दोन सूर कॉमन आहेत, फक्त एका कॉर्डचा तिसरा सूर दुसऱ्याचा सातवा होतो आणि उलट, आणि बेस डी, डी फ्लॅट, सी असा अर्ध्या अर्ध्या सुराने खाली घसरतो, मस्त वाटतं ते. पण त्या जागी मेलडीत, म्हणजे गाण्याच्या चालीत, कुठला सूर आहे ते बघ हं! जी असेल तर शार्प इलेव्हन होतो, म्हणजे डी फ्लॅटपासून अकरावा सूर अर्ध्याने चढवलेला, छानच लागतो. डी असेल तर फ्लॅट नाइन, म्हणजे नववा सूर अर्ध्याने उतरवलेला, जरा टोचतो, आणि सी लांबवलेला असेल तर तिथे हा बदल सरळ सोडून दे. म्हणून डाव्या हाताने नुसता बेस वाजवत मेलडी तोंडाने गा, खटकलं की लगेच कळतं. पुस्तकातले कॉर्ड बदलायचे तक्ते नंतर बघ.