मुलांसोबत ‘मार्ले अँड मी’ बघावा का?

आठ आणि अकरा वर्षांच्या मुलांसोबत ‘मार्ले अँड मी’ बघायचं ठरवलं होतं, पण शेवटी कुत्रा मरतो हे कळल्यावर दाखवावा की नाही अशा पेचात पडलोय, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत विचाराल तर जरूर दाखवा. फक्त तो मरतो हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

२००८ च्या नाताळात आलेल्या या सिनेमाच्या जाहिरातींत सगळी धमालच होती, म्हणून पुष्कळ घरांतली मुलं बेसावध सापडली. धमाल आहेच. लॅब्राडोरचं पिल्लू सोफा फाडतं, गळ्यातली साखळी गिळतं, ढग गडगडले की घर डोक्यावर घेतं. कॅथलीन टर्नरने केलेली कडक प्रशिक्षक त्याला वर्गातून हाकलते, तो प्रसंग बघून मुलं गडाबडा लोळतील. पण मला हा सिनेमा आवडतो तो जॉन आणि जेनीच्या संसारासाठी. जॉन ग्रोगन या पत्रकाराच्या आठवणींवर तो बेतलाय. ओवेन विल्सन आणि जेनिफर ॲनिस्टन कुठेही ‘आदर्श जोडपं’ वाटत नाहीत. फ्लोरिडातल्या नव्या नवलाईपासून पेनसिल्व्हेनियातल्या तीन मुलांच्या घरापर्यंतची वर्षं भरभर सरतात, आणि ती सरल्याचं आपल्याला कळतं ते मार्लेकडे बघून.

एक प्रसंग नीट बघा. तपासणीत बाळाचे ठोके लागत नाहीत. घरी आल्यावर जेनी कोलमडते, आणि एरवी क्षणभर एका जागी न टिकणारा हा दांडगा तिच्याजवळ येऊन मुकाट बसून राहतो. संवाद जवळपास नाहीत. पुढे रडणारं बाळ, अपुरी झोप आणि कुत्र्याचा धुडगूस यांनी जेरीस येऊन हीच जेनी त्याला घराबाहेर काढायला निघते. दोन्ही प्रसंगांत ती तितकीच खरी वाटते. दिग्दर्शक डेव्हिड फ्रँकेलने तिला कुठेही खलनायिका केलेलं नाही, याचं मला फार कौतुक आहे.

आता शेवटाबद्दल. म्हातारपणी मार्लेच्या पोटाला पीळ पडतो. एकदा तो त्यातून उठतो. दुसऱ्यांदा मात्र शस्त्रक्रिया त्याला झेपणार नाही हे उघड असतं, आणि इंजेक्शन देऊन त्याला निरोप देतात. दवाखान्यात जॉन त्याच्याशी बोलत बसलाय आणि घरी मुलं त्याचे जुने व्हिडिओ बघताहेत, असं ते आलटून पालटून दाखवलंय. कुठेही भीतीदायक काही नाही. रडू येईल, येऊ द्या. तुमचा धाकटा विचारेल, ‘डॉक्टरांनी त्याला बरं का नाही केलं?’ तेव्हा ‘झोपवलं’ म्हणू नका. लहान मुलं त्यानंतर झोपायलाच घाबरतात. त्याचं दुखणं बरं होण्यासारखं नव्हतं, त्याला त्रास होऊ नये म्हणून औषध दिलं आणि तो मेला, असं सरळ सांगा.

पोटाच्या पिळाचं दुखणं खरंच असतं, आणि ते भराभर बळावतं. घरी मोठ्या चणीचा, खोल छातीचा कुत्रा असेल तर एवढं ध्यानात ठेवा: पोट टम्म फुगलंय, ओकारीचे उमासे येताहेत पण काही पडत नाही, एका जागी बसवत नाही, अशी लक्षणं दिसली तर सकाळची वाट न बघता रात्रीच दवाखाना गाठायचा.

आणि जेनीचं पोटातलं बाळ जातं तो प्रसंग धाकट्याला उमगणार नाही, थोरली मात्र नक्की विचारेल. त्याचं उत्तर आधीच ठरवून ठेवा.