ईडिपसचे दोन रकाने

प्रिय,

तुझं टिपण मिळालं. डावीकडे ‘गुण’, उजवीकडे ‘दोष’, मध्ये पट्टीने ओढलेली रेघ. डाव्या रकान्यात बुद्धी, धैर्य, प्रजेविषयी कळवळा. उजव्यात राग, संशय, अहंकार. परीक्षेत याला मार्क पडतील. पण तुला महिन्याभरात सॉफोक्लीजच्या ग्रीक नाटकातला राजा ईडिपस उभा करायचाय, आणि या कागदाच्या भरवशावर विंगेतून बाहेर पाऊल टाकलंस तर पहिल्या प्रवेशात निम्मा कागद वापरशील, उरलेल्या नाटकात उरलेला. पहिल्या अंकात भला राजा, मग एकदम तापट राजा. असे ईडिपस मी बरेच पाहिलेत.

ती रेघ खोडून टाक आणि संहिता पहिल्यापासून काढ.

ईडिपसच्या राज्यात, ग्रीसमधल्या थीब्जमध्ये, साथ आहे. माणसं, गुरं, पिकं मरताहेत. लोक हातात फांद्या घेऊन राजवाड्याच्या दारात बसलेत. ईडिपस स्वतः बाहेर येतो. त्याचा पहिलाच शब्द आहे ‘मुलांनो’. ते गाऱ्हाणं घालतात, तर कळतं की याने मेव्हण्याला, क्रेऑनला, आधीच डेल्फीला, अपोलो देवाचा कौल घ्यायला, पाठवलंय. क्रेऑन परततो आणि सुचवतो, आत जाऊन बोलू या का? ईडिपस म्हणतो, इथेच बोल, सगळ्यांसमोर. हा त्याचा स्वभाव: प्रश्न दिसला की धरायचा आणि उघड्यावर सोडवायचा. स्फिंक्स राक्षसिणीचं कोडं त्याने असंच सोडवलं आणि गाव वाचवलं, म्हणून तर तो राजा आहे.

कौल असतो: आधीच्या राजाचा, लायसचा, खुनी शोधा. ईडिपस शोध सुरू करतो आणि खुन्याच्या हद्दपारीचा हुकूम काढतो. पुढे नाटकात तीन माणसं त्याला ‘थांब’ म्हणतात. आंधळा द्रष्टा टायरेसियस म्हणतो, मला घरी जाऊ दे. त्याची राणी जोकास्टा म्हणते, जिवाची पर्वा असेल तर शोधू नकोस. म्हातारा धनगर म्हणतो, मालक, आणखी विचारू नका. तो थांबत नाही. ज्या हट्टापायी गाव एकदा वाचलं, त्याच हट्टापायी त्याचं घर बसतं. आता सांग, हा हट्ट कुठल्या रकान्यात टाकशील?

‘दोष’ या शब्दाचंही जरा बघ. अॅरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’मध्ये वापरलेला शब्द आहे हामार्तिया. ज्या क्रियापदावरून तो आला, ते तिरंदाजीतही वापरायचे: नेम चुकणं. तो म्हणतो, शोकात्मिकेचा नायक अगदी पुण्यवान नको, दुष्टही नको. मधला हवा, आणि तो दुर्गुणामुळे नव्हे, एखाद्या मोठ्या हामार्तियामुळे कोसळावा. उदाहरण म्हणून तो ईडिपसचंच नाव घेतो. आपल्याकडे जुन्या प्राध्यापकांनी यासाठी ‘प्रमाद’ हा शब्द वापरला, तो मला पटतो. ‘दोष’ म्हटलं की आपण लगेच न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसतो: रागीट होता, भोगलं. आणि त्या खुर्चीतून भूमिका करता येत नाही.

मग त्याचा नेम चुकला कुठे? मला जे दिसतं ते सांगतो. मध्यावर तो जोकास्टाला आपली तरुणपणची हकिकत सांगतो, तेवढं भाषण सावकाश वाच. तो वाढला त्या कॉरिंथला मेजवानीत एक दारुडा बरळतो, तू या बापाचा नाहीस. ईडिपस आईबापांना विचारतो. ते त्या माणसावर चिडतात, याची समजूत घालतात, पण कुसळ डोळ्यात राहतंच. तो गुपचूप डेल्फीला जातो. प्रश्न काय, तर माझे आईबाप कोण? अपोलो त्याचं उत्तरच देत नाही. उलट सांगतो की तू बापाला मारशील, आईशी लग्न करशील. ईडिपस हादरतो आणि कॉरिंथकडे पाठ फिरवून पळतो.

विचारायला गेला होता काय, आणि पळाला कशापासून! आईबाप कोण, हे कळलेलंच नाही. तरी कॉरिंथमधले तेच आपले, असं धरून तो चालायला लागतो. कुठलाही प्रश्न अर्धा न सोडणाऱ्या माणसाने आयुष्यात हा एकच अर्धा सोडला, आणि तोही भल्या हेतूने, आईबापांना अपाय होऊ नये म्हणून. पुढे तीन रस्ते मिळतात तिथे रथातला म्हातारा, म्हणजे लायस, त्याचा खरा बाप, त्याच्या डोक्यात अंकुश हाणतो, हा उलट मारतो. मनात ‘बाप कॉरिंथला सुखरूप आहे’ हे पक्कं असल्यामुळे हात आवरत नाही. माझ्यापुरता नाटकाचा अर्थ एवढाच की तो अर्धा राहिलेला प्रश्न तो एका दिवसात पुरा करतो.

रागाचं म्हणशील तर राग आहेच, तो लपवू नकोस. क्रेऑनला तो तोंडावर सांगतो की मला तुझी हद्दपारी नको, तुझा मृत्यू हवाय. पण त्याच्या रागाच्या खाली तपासणी चालू असते. टायरेसियसवर तो भडकला नसता तर म्हातारा बोललाच नसता! आणि संशय तर बुद्धीचाच भाऊ. एक बारकी जागा दाखवतो. क्रेऑन सांगतो की लायस राजाला दरोडेखोरांनी मारलं. तो अनेकवचन वापरतो. ईडिपस पुढच्याच वाक्यात विचारतो, इथून कुणी पैसे चारल्याशिवाय त्या दरोडेखोराला एवढी छाती झाली असती का? एकवचन! डोकं इतक्या वेगाने कटापर्यंत पोचलंय की ऐकलेला शब्दच बदलला. आणि गंमत म्हणजे बदललेला शब्दच खरा आहे. ही ओळ ठासून म्हणू नकोस, सहज जाऊ दे. ज्याला ऐकू यायचं त्याला येईल.

तुझ्या टिपणात कर्णही आलाय. त्याला काढ. कर्णाला युद्धाआधी कृष्ण आणि कुंती, दोघांनीही जन्माचं गुपित सांगितलं होतं. सगळं कळूनही तो दुर्योधनाजवळ राहिला. ईडिपसची गोष्ट न कळण्याची आहे. ‘नियतीपुढे हतबल मानव’ हे वाक्यही काढ. भविष्य देवाचं खरं, पण आज सकाळपासून जे घडतं त्यातलं काहीही कुठल्या देवाने त्याच्याकडून करवून घेतलेलं नाही. चौकशी त्याची, हुकूम त्याचे. अथेन्सच्या प्रेक्षकाला कथा माहीतच होती, कीर्तनाला बसलेल्यांना असते तशी. त्याला बघायचं होतं, हा माणूस तिथवर पोचतो कसा.

आता धनगराचा प्रवेश. तान्हा ईडिपस मारून टाकायला जोकास्टाने याच्याच हाती दिला होता. विशीत मी हा धनगर केला होता. आमचा ईडिपस आवाजाचा धनी होता. तो पूर्ण प्रवेश गर्जत करायचा आणि मी थरथरायचो. तालमीला हुकमी टाळ्या. एका संध्याकाळी त्याचा घसा बसला. दिग्दर्शक म्हणाले, नुसतं वाचा. तो कुजबुजत विचारत गेला, मी कुजबुजत उत्तरं देत गेलो. मूल कुणाचं? तिनेच दिलं तुला? कशासाठी? मूळ ग्रीकमध्ये इथे एकेक ओळ दोघांत अर्धी अर्धी तुटलेली आहे, श्वास तुटावा तशी. धनगर म्हणतो, भयंकर ते आता बोलण्यावर आलंय. ईडिपस म्हणतो, आणि माझ्या ऐकण्यावर. पण ऐकलंच पाहिजे. त्या दिवशी हे वाक्य मला पहिल्यांदा ऐकू आलं. इथे त्याला सगळं कळून चुकलेलं असतं. अजूनही ‘जा’ म्हणायची सोय आहे, पण तो म्हणत नाही. प्रयोगाला मात्र घसा सुधारला आणि पुन्हा गर्जना सुरू झाली, ते जाऊ दे.

त्या धनगराने बाळ मारलं का नाही? त्याला दया आली म्हणून. ईडिपस तेही विचारतो, आणि उत्तर मिळतं ते एवढंच. सॉफोक्लीजचा हा हिशेब मला अजून पचलेला नाही: एका नोकराच्या दयेतून हे सगळं. ती दया तुझ्या कुठल्या रकान्यात बसेल, सांग.

शेवटाबद्दल थोडंच. जोकास्टाने गळफास घेतल्यावर तिच्याच वस्त्राच्या पिना काढून तो डोळे फोडून घेतो. तू तिथे कोसळलेला माणूस करणार, हे टिपणावरून दिसतंय. पण बाहेर आल्यावर तो म्हणतो काय? हे सगळं अपोलोने केलं, पण डोळ्यांवर वार करणारा हात माझाच. देवाचा वाटा देवाला, स्वतःचा स्वतःला, इतका चोख हिशेब रक्तबंबाळ अवस्थेत. मग सकाळी आपणच काढलेल्या हुकमाप्रमाणे तो हद्दपारी मागतो आणि मुलींना जवळ घेऊन चाचपतो. डोळे गेलेत, पण माणूस तोच आहे: अजून विचारतोय, अजून हुकूम सोडतोय. इतका की शेवटी क्रेऑनला म्हणावं लागतं, आता सगळं तुझ्याच मनासारखं व्हायला पाहू नकोस.

रविवारी ये. येताना कुणीतरी सोबत आण. आवाज बरा नसला तरी चालेल, ऐकणारा हवा. धनगराचा प्रवेश खुर्चीत बसून, हात मांडीवर ठेवून, एकेक ओळ वाचू. तुझा आवाज कुठे चढतो तेवढं मी पेन्सिलने टिपून ठेवीन.

तुझा,
सर