फर्मवेअरवर रस्टची स्टँडर्ड लायब्ररी

प्रश्न : रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेची स्टँडर्ड लायब्ररी (भाषेसोबत येणारा तयार कोडचा संच) युईएफआय फर्मवेअरवर, म्हणजे संगणक सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर, वापरायची असेल, तर ऑपरेटिंग सिस्टिमच नसताना तिच्या मागण्या कोण पुरवणार?

उत्तर : फर्मवेअरच, पण मर्यादेत. ऑपरेटिंग सिस्टिम ताबा घेईपर्यंत युईएफआय ‘बूट सर्व्हिसेस’ उपलब्ध करून देते आणि मेमरी मागण्यासारखी कामे लायब्ररीने त्यांच्याकडे सोपवायची असतात. खरी मेख बारकाव्यांत आहे. मिळालेला मेमरीचा तुकडा ८ बाइटच्या सीमेवर, म्हणजे ८ ने भाग जाणाऱ्या पत्त्यावर, सुरू होईल, एवढीच हमी असते. त्यामुळे याहून मोठी सीमा हवी असल्यास जादा जागा मागून, तिच्यात योग्य पत्ता शोधून, मूळ पत्ताही जपावा लागतो, कारण जागा परत करताना तोच द्यावा लागतो. मजकूर रस्टमध्ये यूटीएफ-८ म्हणजे ८ बिटांच्या एककांच्या संकेतपद्धतीत, तर फर्मवेअरमध्ये १६ बिटांच्या एककांत असतो, म्हणजे रूपांतर आलेच. थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारे कामाचे प्रवाह, मात्र फर्मवेअरमध्ये नाहीत. तिथे खोटे यश दाखवण्यापेक्षा ‘ही सोय नाही’ अशी त्रुटी परत करणेच आम्हाला योग्य वाटते. ‘एक्झिट बूट सर्व्हिसेस’ हे बूट सर्व्हिसेस बंद करणारे फंक्शन यशस्वी झाल्यावर फर्मवेअरचे मेमरीवाटपही थांबते, म्हणून बूटलोडर (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) लिहिणाऱ्याने पुढे लागणारी जागा आधीच राखून ठेवावी.