पोर पहिल्यांदाच कॅम्पला निघालीय

परीक्षा संपल्या की गावोगाव शिबिरांचे फलक लागतात आणि आमच्याकडे पत्रं सुरू होतात. या खेपेची बहुतेक पत्रं मुलींची, नाहीतर त्यांच्या घरच्यांची. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

मुलगी आठवीत आहे. मे महिन्यात तोरणमाळला सहा दिवसांचं शिबिर आहे. तिच्यासाठी नवे ट्रेकिंगचे बूट आणि ६० लिटरची सॅक घेतली. बूट खराब होऊ नयेत म्हणून निघायच्या दिवशीच बाहेर काढणार आहोत. अजून काय घ्यावं? (वडील, अमळनेर)

बूट आजच बाहेर काढा. शिबिरात मुली आजारी पडून मागे राहतात त्यापेक्षा टाचेला फोड आल्यामुळे जास्त राहतात. नवा बूट कडक असतो. चालताना टाच त्यात वरखाली होते आणि घामाने मऊ झालेली कातडी सोलवटते. पहिला आठवडा घरातच रोज तासभर घालू द्या. मग बाजारात, मग पाठीवर सॅक घेऊन. माप संध्याकाळी, जाड मोजा घालून बघा, कारण दिवसभरात पाऊल थोडं फुगतं. पुढे अंगठ्याएवढी जागा मोकळी हवी. ती नसेल तर चढताना कळणारही नाही, पण उतरताना प्रत्येक पावलाला नख बुटाच्या टोकावर आपटेल आणि दुसऱ्या दिवशी काळंनिळं होईल. निघण्याआधी दोन दिवस नखं सरळ कापा, कोपऱ्यात खोल नको. चालताना टाच चुरचुरायला लागली की तिथेच थांबून चिकटपट्टी लावायची. ‘मुक्कामाला गेल्यावर बघू’ म्हटलं की फोड आलाच समजा.

सॅक मात्र बदलून आणता आली तर आणा. ६० लिटरची सॅक अर्धी भरली तर पाठीवर हेलकावते, आणि पूर्ण भरली तर पोरीला पेलत नाही. ४० ते ४५ लिटर पुरे. मुलीचं वजन ४५ किलो असेल तर पाण्यासकट ओझं सहा-सात किलोंच्या वर जाऊ नये. जड सामान मधोमध, पाठीला चिकटून ठेवा. कमरेचा पट्टा आधी आवळायचा, खांद्याचे नंतर, म्हणजे भार खांद्यांऐवजी कमरेवर येतो. कपड्यांत जीन्स नको. भिजली की जड होते आणि लवकर वाळत नाही. पूर्ण बाह्यांचे सुती शर्ट, वाळायला सोप्या ट्रॅकपँट, टोपी, शिट्टी, जादा सेलसकट बॅटरी, ताटवाटी आणि मुक्कामावर घालायला जुनी चप्पल. तोरणमाळ ११०० मीटरहून उंच आहे. खाली शहादा तापत असलं तरी तिथे रात्री पारा उतरतो, म्हणून एक पातळ स्वेटर असू द्या. डब्यात पहिल्या दिवसापुरत्या दशम्या आणि कोरडी चटणी. पाण्यात भिजवलेल्या पिठाच्या पोळ्या उन्हात संध्याकाळपर्यंत आंबतात, दुधातल्या दशम्या टिकतात.

सरावाला लांब जायला नको. महिनाभर रोज जिने, आणि एखाद्या रविवारी पहाटे धुळ्याजवळचा लळिंग किल्ला, पाठीवर पाण्याच्या चार बाटल्या टाकून.

माझी मुलगी शाळेतसुद्धा दिवसभर पाणी पीत नाही. एवढ्या उन्हात कसं व्हायचं? आणि तिथे पाळी आली तर? (आई, जळगाव)

ताई, हे दोन प्रश्न नाहीत, एकच आहे. मुली पाणी टाळतात ते तहान नसते म्हणून नाही, ‘जायचं कुठे’ या धास्तीने. त्यामुळे शिबिरवाल्यांना फोन कराल तेव्हा जेवणाच्या आधी संडासाचं विचारा: मुलींसाठी वेगळा आहे का, आत पाणी आहे का, रात्री दिवा आहे का, आणि डोंगरात चालताना मुलींसाठी थांबतात का. मुलींसोबत शिबिराची ताई असेल तर दर दोन तासांनी झाडीआड थांबा घेणं अवघड नसतं. मुलीलाही तेवढं सांगा की ‘ताई, थांबायचंय’ म्हणायला लाजू नको.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. आपली पोरं उन्हाला सरावलेली असतात, पण कूलरपुढे बसून सरावणं वेगळं आणि ओझं घेऊन चढणं वेगळं. चढणीवर तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो. एकदम लोटाभर पिऊन पोट डचमळतं, म्हणून दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट. पुरतंय की नाही ते लघवीचा रंग सांगतो: फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद झाली तर कमी पडतंय. ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायची. अर्ध्या बाटलीत अर्धी पुडी ओतली तर मीठ-साखरेचं प्रमाण चुकतं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. बोलणं असंबद्ध झालं, तोल जाऊ लागला, अंग भाजल्यासारखं तापलं, तर तो उष्माघात. घाम येत असला तरीही. अशा वेळी सावलीत निजवून अंगभर पाणी ओतत वारा घालायचा आणि १०८ ला फोन. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये.

पाळीची तारीख नसली तरी दहा-बारा पॅड सॅकमध्ये असू द्या. प्रवास, दगदग आणि जागरणाने तारीख हलते. सोबत वर्तमानपत्राचे तुकडे आणि घट्ट बंद होणारी पिशवी. वापरलेला पॅड कागदात गुंडाळून पिशवीत ठेवायचा आणि मुक्कामावर कचऱ्यात टाकायचा. रानात पुरला तर जनावरं उकरतात. मांड्या घासतात त्यासाठी आतून सायकलिंग शॉर्ट्स, किंवा सकाळीच खोबरेल तेल. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या शेजारणीच्या सल्ल्याने देऊ नका. द्यायच्याच असतील तर डॉक्टरांना विचारून. आणि शिबिर म्हणजे पहिल्यांदा पाळीचा कप वापरून बघायची जागा नव्हे.

मी नववीत आहे. रॅपलिंग आहे म्हणतात. मला गच्चीच्या कठड्याचीसुद्धा भीती वाटते. नेमकं काय करायचं असतं? नाही म्हटलं तर चालेल का? (शहादा)

चालेल. चांगला प्रशिक्षक ढकलत नाही. पण आधी ऐक. रॅपलिंग म्हणजे दोराच्या आधाराने कडा उतरणं.

हार्नेस म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे. त्याचा कमरपट्टा कमरेच्या हाडांच्या वर यायला हवा, पँटच्या पट्ट्यासारखा खाली नको. आत तळहात सपाट जाईल, पण मूठ जाणार नाही, इतका घट्ट. कॅराबिनरचा, म्हणजे दोर हार्नेसला जोडणाऱ्या कडीचा, स्क्रू फिरवून बंद केलेला आहे ना, ते स्वतः दाबून बघ. बाई-सरांनी तपासलं तरी पुन्हा बघायला काही लागत नाही. दोर दोन असतात. एक तू हाताने सोडत उतरतेस तो, आणि दुसरा वर प्रशिक्षकाच्या ताब्यात, त्याला बिले म्हणतात. तुझा हात सुटला तरी बिले धरतो.

सगळ्यात अवघड पहिले दोन-तीन फूट. दोर वर ज्याला बांधलेला असतो ते बहुतेक वेळा पायांच्या उंचीवर असतं. त्यामुळे कड्यावर उभी असेपर्यंत तुझा भार दोरावर येतच नाही. सगळं पायावरच वाटतं आणि माणूस पुढे वाकतो. वाकलं की पाय घसरतात आणि गुडघे दगडावर आपटतात. म्हणून उलटं करायचं: पाय खांद्याएवढे फाकवून तळवे खडकाला पूर्ण टेकवायचे आणि मागे खुर्ची आहे असं समजून बसायचं. दोर ताणला गेला की अर्धी भीती तिथेच जाते. उजवा हात मांडीशी. दोर कमरेमागे नेला की थांबतेस, थोडा पुढे आणून सैल सोडला की उतरतेस. हा हात कधीच सोडायचा नाही. डावा वर नुसता टेकलेला. बहुतेक जणी नेमका डावाच घट्ट आवळतात आणि खाली येईपर्यंत बोटं आखडतात. उड्या मारू नकोस.

केसांचं मुद्दाम सांगतो. उंच पोनी घातली की हेल्मेट डोक्यावर बसत नाही, पुढे कपाळावर सरकतं. मानेशी सैल वेणी घालून ती शर्टाच्या आत खोच. ओढणी, गळ्यातली साखळी, टोपीच्या जॅकेटच्या दोऱ्या, सगळं काढून ठेव. उतरायचा दोर हार्नेसला लावलेल्या आठाच्या आकाराच्या कडीतून जातो; तिच्यात दोर सरकत असताना केस अडकले तर मधेच लटकून राहावं लागतं, आणि सोडवताना केस कापायची वेळ येते. खाली पोचल्यावर त्या कडीला उघडा हात लावू नकोस, घर्षणाने तापलेली असते.

आजी म्हणते, “पोरनी जातले डोंगर कसाले? जनावर डसी जाई.” तिला काय सांगू? (चोपडा)

आजीची सापाची काळजी खोटी नाही. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्या माणसाला चावते, दुखत फारसं नाही आणि खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटदुखी, पापण्या जड, असं सुरू होतं. म्हणून तंबूची चेन रात्रभर बंद, अंधारात बॅटरीशिवाय पाऊल नाही, आणि सकाळी बूट आपटूनच घालायचे; विंचूही असतो. चावलंच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चालवायचं नाही. हात-पाय स्थिर ठेवून प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात न्यायचं. आजीला हेही सांग की भगताकडे नेणार नाहीत.

शिबिर चांगलं की नुसती जाहिरात, हे कसं ओळखायचं? (पारोळा)

राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते, प्रमाणपत्र मागा. मग विचारा: रात्री मुलींच्या तंबूजवळ कोणती ताई असते? सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं, गाडीने किती वेळ? मुक्कामावर गाडी उभी असते का? याची उत्तरं ताडकन यायला हवीत. ‘काळजी करू नका’ हे उत्तर नव्हे. आरोग्याच्या फॉर्ममध्ये दमा, फिट, ॲलर्जी काहीही लपवू नका. ‘घेणार नाहीत’ म्हणून लपवतात, आणि इनहेलर सॅकच्या तळाशी राहतो. तो वरच्या खिशात हवा, दुसरा ताईकडे.

मला बस लागते. तोरणमाळच्या घाटात काय करू? (शिरपूर)

तिथला सात पायरी घाट वळणावळणाचा आहे. रिकाम्या पोटी बसू नकोस आणि तेलकटही खाऊ नकोस. निघायच्या तासभर आधी अर्धी भाकरी पुरे. पुढच्या बाजूला, खिडकीशी बस, नजर लांब रस्त्यावर, मोबाइल बंद. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून निघण्याआधी घे, उलटी सुरू झाल्यावर पोटात राहत नाही. गोळीने झोप येते, हे ताईला आधी सांगून ठेव. आणि दोन कागदी पिशव्या हातात ठेव, डिकीतल्या सॅकमध्ये नको.