यंत्रशाळेतील सुरक्षासाधने : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : ड्रिलिंग मशीनवर हातमोजे घालू नका, असे आमचे फोरमन सांगतात. जॉबच्या, म्हणजे छिद्र पाडायच्या धातूच्या तुकड्याच्या, धारेने बोटे कापतात, त्याचे काय?

उत्तर : फोरमन बरोबर सांगतात. मोज्याचा धागा फिरत्या ड्रिलभोवती किंवा ड्रिल धरणाऱ्या चकात अडकला, तर कापड फाटण्याआधी हातच ओढला जातो आणि स्विच बंद करायला वेळ उरत नाही. जॉब हाताने न धरता व्हाइसमध्ये (टेबलावरच्या पकडीत) आवळावा, चिप्स (धातूचा कीस) ब्रशने काढाव्यात आणि मोजे मशीन पूर्ण थांबल्यावर, धारदार जॉब उचलताना घालावेत. सैल बाह्या, गळ्यातला गमछा आणि अंगठी यांनाही हेच लागू आहे. मनगटावरचा दोरा श्रद्धेचा असला, तरी तो घरून निघताना उतरवून ठेवावा, असे मला वाटते.

प्रश्न : प्रेस शॉपमध्ये मी इअरप्लग वापरतो, पण बोलण्यासाठी मधूनमधून काढतो. तेवढ्याने बिघडते का?

उत्तर : वाटते त्याहून पुष्कळ बिघडते. आवाज 3 डेसिबलने वाढला की कानावर पडणारी ध्वनिऊर्जा दुप्पट होते. प्लगशिवायच्या थोड्या वेळातच उरलेल्या दिवसाहून कितीतरी जास्त ऊर्जा कानात जाते. त्यामुळे 30 डेसिबलने आवाज कमी करणारा प्लग आठ तासांत केवळ अर्धा तास काढला, तरी दिवसभराचे प्रत्यक्ष संरक्षण सुमारे 12 डेसिबलवर येते. फोमचा प्लग बोटांनी बारीक वळून, दुसऱ्या हाताने कान वर व मागे ओढून आत सरकवावा आणि फुगेपर्यंत दाबून धरावा. अर्धवट खोचलेला प्लग केवळ सुपरवायझरला दाखवण्यापुरता असतो. आतल्या कानातील नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मात्र सगळा भार तुमच्या कानांवर टाकणेही योग्य नाही : जॉब उडवणाऱ्या हवेच्या नोझलला सायलेन्सर बसवणे आणि खडखडणारी, सैल झालेली गार्ड (यंत्रावरचे संरक्षक आवरण) आवळणे ही व्यवस्थापनाची कामे आहेत, आणि ती आधी व्हायला हवीत.

प्रश्न : सेफ्टी शूजचे पैसे ठेकेदार पगारातून कापतो. हे कायदेशीर आहे का?

उत्तर : नाही. सुरक्षेसाठी पुरवायच्या सोयींचे शुल्क कामगाराकडून घेऊ नये, असे 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या कलम 114 मध्ये होते, आणि 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही तीच मनाई आहे. हरकत लेखी नोंदवा आणि पगाराची पावती जपून ठेवा. बूट मिळाल्यावर आयएसआय चिन्हाजवळ आयएस 15298 भाग 2 असे छापलेले आहे ना, हेही पाहा. त्यातील बोटांवरची टोपी 200 जूल (ऊर्जेचे एकक) इतक्या आघातासाठी तपासलेली असते, भाग 3 च्या बुटातील मात्र 100 जूलसाठीच.