सोनी एफएक्स३० साठी मॅट बॉक्स, फॉलो फोकस आणि फिल्टर: आधी काय घ्यावं?

आधी फिल्टर घ्या, आणि त्यातही एनडी, म्हणजे उजेड कमी करणारा करडा फिल्टर. फॉलो फोकस, म्हणजे फोकस रिंग दातेरी चाकाने फिरवणारा नॉब, तुमच्या दोन लेन्सपैकी एकीलाच उपयोगी पडेल. मॅट बॉक्स, म्हणजे लेन्सपुढे बसणारी ऊन अडवणारी चौकट, विकत घेऊ नका, शूटिंगच्या दिवसांपुरता भाड्याने आणा. दुकानदार तिन्ही वस्तूंचं जे तयार किट देतोय ते घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही लिहिलंय की कॅमेरा एफएक्स३० आहे, सिग्माची १८-५० एफ २.८ आणि सॅमयांगची ८५ टी १.५ अशा दोन लेन्स आहेत (एफ आणि टी हे दोन्ही लेन्सच्या छिद्राचे आकडे, आकडा लहान तर छिद्र मोठं), पोटापाण्याचं काम लग्नांचं आहे आणि मे महिन्यात वाईजवळ मेणवलीच्या घाटावर पहिला लघुपट करायचाय. मी मुंबईत कॅमेरा असिस्टंट आहे. फोकस सांभाळणं आणि फिल्टर बदलणं हेच माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या तिन्ही वस्तू लोक कॅमेरा बघून घेतात. खरं तर त्या लेन्स बघून घ्यायच्या असतात. फिल्टर केवढा हे लेन्सच्या आट्यांवर ठरतं, मॅट बॉक्स बसेल की नाही हे लेन्सच्या तोंडाच्या बाहेरच्या व्यासावर, आणि फॉलो फोकस चालेल की नाही हे लेन्सची फोकस रिंग आतून कशी चालते त्यावर. उद्या कॅमेरा बदललात तरी लेन्स राहतील, म्हणून हिशोब तिथून सुरू करा.

आता एनडीबद्दल. तुम्ही विचारलंय, "एनडी ८ घेतला की भागेल ना?" नाही भागणार. का, ते आकड्यांत बघू. भर उन्हात आयएसओ १००, शटर १/१०० असेल तर एफ १६ ला बरोबर एक्स्पोजर मिळतं, हा जुना नियम आजही लागू आहे. आपण २५ फ्रेमला शूट करतो, म्हणून शटर १/५०. म्हणजे एफ २२. पण तुम्ही एस-लॉग३ मध्ये, म्हणजे नंतर रंग नीट करता यावेत म्हणून सोनी देते त्या फिकट प्रोफाइलमध्ये, शूट करणार आणि एफएक्स३० चा खालचा बेस आयएसओ (ज्यावर कॅमेरा सगळ्यात चांगलं चित्र देतो तो) ८०० आहे. १०० ते ८०० म्हणजे आणखी तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). एफ २२ वरून २.८ वर यायला सहा स्टॉप, त्यात हे तीन मिळवा: नऊ स्टॉप उजेड अडवायचाय. एस-लॉग एखादा स्टॉप जास्त उजळ ठेवायची सवय असेल तर आठ. एनडी ८ फक्त तीन स्टॉप अडवतो.

फिल्टरवर छापलेल्या आकड्यांचा घोळ इथेच होतो. फोटोग्राफीच्या फिल्टरवर एनडी ८, एनडी ६४ असे पटीचे आकडे असतात. ८ म्हणजे उजेड आठव्या हिश्श्यावर, म्हणजे तीन स्टॉप. सिनेमाच्या फिल्टरवर ०.३, ०.६, ०.९, १.२ असे आकडे असतात आणि दर ०.३ ला एक स्टॉप. म्हणजे एनडी ८ आणि ०.९ एकच, एनडी ६४ आणि १.८ एकच. तुम्हाला भर उन्हासाठी २.७ लागतो. सावलीत, म्हणजे मोकळ्या आभाळाखालच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत, तीन-चार स्टॉप कमी उजेड असतो, तिथे १.५ ते १.८ पुरतो. ०.९ आणि १.८ असे दोन चांगले फिल्टर घेतलेत तर तीन, सहा आणि दोन्ही लावून नऊ स्टॉप मिळतात. लघुपटासाठी एवढं बस्स.

शटर वाढवून काम भागवू नका. १/५० सोडून १/१००० वर गेलात की चालणारी माणसं तुटक दिसतात, हलणारे हात कापल्यासारखे वाटतात. शिवाय आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/५० च्या शटरमध्ये दोन लुकलुकी पूर्ण मावतात, म्हणून हॉलमध्ये चित्रावर पट्टे येत नाहीत. छिद्र एफ १६ पर्यंत बंद करण्यानेही प्रश्न सुटत नाही. मागचं सगळं स्पष्ट होतं, सेन्सरवरची धूळ दिसायला लागते, चित्राची धार कमी होते.

लग्नासाठी मात्र व्हेरिएबल एनडी घ्या. नवरी उन्हातून मांडवात आली की फिल्टर काढत बसायला वेळ नसतो, रिंग फिरवली की झालं. पण ती वस्तू म्हणजे दोन पोलरायझर (ठरावीक दिशेचाच उजेड आत सोडणाऱ्या काचा) एकमेकांवर बसवलेले असतात, हे लक्षात ठेवा. सिग्मा १८ वर असताना फिल्टर शेवटच्या टोकापर्यंत फिरवलात तर चित्रावर काळपट फुली उमटते. आभाळ एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला फिकं होतं. चेहऱ्यावरची नैसर्गिक चकाकी फिल्टर फिरवाल तशी कमी-जास्त होते, आणि हे एडिटमध्ये दोन शॉट शेजारी ठेवले की लगेच खटकतं. फ्रेममधली एलसीडी स्क्रीन तर एका कोनात पूर्ण काळी पडते. म्हणून २ ते ५ स्टॉपचा, दोन्ही टोकांना अडणारा व्हेरिएबल घ्या. अखंड फिरत राहणारा आणि "२ ते १० स्टॉप" लिहिलेला नको. लघुपटात चेहऱ्याच्या क्लोजला तो लावूच नका, तिथे साधा एनडी.

सहा स्टॉपच्या पुढे आणखी एक भानगड असते. एनडीने दिसणारा उजेड अडतो, पण अवरक्त किरण स्वस्त फिल्टरमधून तसेच आत येतात. उजेड कमी झाल्यामुळे त्यांचा वाटा वाढतो आणि काळे कपडे तपकिरी-जांभळट दिसायला लागतात. सगळे नाही, काहीच. एका काळ्या छत्रीचा रंग बदलतो, शेजारच्या सुती काळ्या सदऱ्याचा बदलत नाही. ग्रेडिंगमध्ये, म्हणजे शूटनंतर रंग सुधारताना, एक दुरुस्त करायला जावं तर त्वचा हिरवी पडते. म्हणून १.८ किंवा त्याहून गडद फिल्टर 'आयआर एनडी', म्हणजे अवरक्त किरणही अडवणारा, असाच घ्या. घेण्याआधी दुकानाबाहेर उन्हात तपासा: छत्री, वकिली कोट, पॉलिस्टरची बॅग, जे काही काळं मिळेल ते एकत्र ठेवा, फिल्टर लावून आणि फिल्टर नसताना असे दोन शॉट घ्या, आणि प्रत्येक वेळी व्हाइट बॅलन्स नव्याने करा. दोन्ही शॉटमधलं काळं सारखं दिसलं तरच पैसे द्या.

मापाचं सोपं आहे. सिग्माच्या आट्या ५५ मिमी, सॅमयांगच्या ७२. फिल्टर मात्र ८२ चे घ्या आणि लहान आट्यांवर मोठा फिल्टर बसवणाऱ्या दोन स्टेप-अप रिंगा घ्या. पुढे मोठी लेन्स आली तरी फिल्टर तेच चालतील. तोटा एक: ८२ चा फिल्टर लावला की लेन्सचं स्वतःचं हूड बसत नाही. मग तिरपं ऊन थेट काचेवर येतं आणि चित्र पांढुरकं होतं. मॅट बॉक्सची खरी गरज इथून सुरू होते.

मॅट बॉक्सचं काम दोनच गोष्टींचं: काचेवर सावली धरणं आणि चौकोनी फिल्टर पकडून ठेवणं. चित्र त्यामुळे 'सिनेमॅटिक' होत नाही. चौकोनी फिल्टरचं सर्वमान्य माप ४ बाय ५.६५ इंच, जाडी ४ मिमी. हे फिल्टर महाग असतात, आणि एक घेऊन भागत नाही. म्हणून तुमच्या बजेटमध्ये ते भाड्यानेच बरे. मुंबईत अंधेरीला मॅट बॉक्स आणि फिल्टरचा सेट दिवसाच्या भाड्याने मिळतो. आणताना मॅट बॉक्सचे ट्रे याच मापाचे आहेत ना ते बघा. काही हलक्या मॅट बॉक्सना स्वतःच्याच कंपनीचे वेगळ्या मापाचे फिल्टर लागतात.

तुमच्यासाठी रॉडवर बसणारा आणावा, लेन्सला चिमटणारा नको. सिग्माचं नळकांडं झूम केल्यावर पुढे येतं. त्या पुढे आलेल्या भागावर मॅट बॉक्स आणि दोन काचा लटकवल्या की वजन पडतं आणि नळकांडं किंचित झुकतं. ८५ वर मात्र चिमटणारा चालतो. हलके रॉड १५ मिमी जाडीचे, दोघांमधलं अंतर ६० मिमी. हे माप ठरलेलं आहे, त्यामुळे एका कंपनीची बेसप्लेट आणि दुसऱ्याचा मॅट बॉक्स सहसा जुळतात.

बसवल्यावर दोन गोष्टी तपासा. सिग्मा १८ वर ठेवून चारही कोपरे बघा, मॅट बॉक्सची कड आत येते का. मग कॅमेऱ्याच्या मागून मोबाइलची टॉर्च मारा. लेन्स आणि मॅट बॉक्स यांच्यामध्ये फट राहिली तर मागचा उजेड फिल्टरच्या आतल्या बाजूवर पडून परत लेन्समध्ये जातो, आणि चित्र धुरकट का झालं हे कोणाला कळत नाही. ती फट बुजवायला रबराचा किंवा फोमचा डोनट मिळतो. तो पिशवीत आहे का हे भाड्याच्या दुकानातच बघून घ्या, तो हमखास राहतो.

घाटावर एक पोलरायझर जवळ असू द्या. कृष्णेच्या पाण्यावरची आणि ओल्या पायऱ्यांवरची चमक त्याने कापता येते, झाडांची पानं खरी हिरवी दिसतात. त्यात दीड-दोन स्टॉप उजेड जातो, तेवढा एनडी कमी लावा. पण पाणी चमकायला हवं की तळ दिसायला हवा हे शॉटप्रमाणे ठरवा. सगळीकडे लावलात तर नदी मेल्यासारखी दिसते.

डिफ्युजनबद्दल, म्हणजे चित्र मऊ करून दिव्यांभोवती धूसर वलय आणणाऱ्या फिल्टरबद्दल, थोडक्यात. ब्लॅक प्रो-मिस्ट १/८ च्या पुढे जाऊ नका. तोच फिल्टर १८ वर जेमतेम जाणवतो आणि ८५ वर चांगलाच दिसतो, म्हणून सगळ्या शॉटला एकच ताकद धरून चालत नाही. तो परिणाम नंतर काढता येत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये मागे फोकसचे दिवे असतात, तिथे तर अजिबात नको.

फॉलो फोकस. सिग्माची फोकस रिंग लेन्सच्या आतल्या मोटरला फक्त इशारा देते, काचेशी तिचा थेट संबंध नसतो. ती कितीही फिरते, कुठे अडत नाही, आणि भरभर फिरवली तर फोकस जास्त सरकतो, हळू फिरवली तर कमी. अशा लेन्सवर टेपच्या खुणा करून उपयोग नाही, दुसऱ्या टेकला त्या चुकतात. सिग्मावर कॅमेऱ्याचा ऑटोफोकस वापरा, तो खरंच चांगला आहे. मेनूत 'एएफ ट्रान्झिशन स्पीड' १ ते ७ मध्ये असतो, तो ३-४ वर आणा म्हणजे फोकस झटका देणार नाही. 'सब्जेक्ट शिफ्ट सेन्सिटिव्हिटी' १ किंवा २ ठेवा. मग मध्येच कोणी पाहुणे आडवे गेले तरी फोकस नवरीवरून सुटत नाही.

सॅमयांगची गोष्ट वेगळी. तिच्या रिंगवर ०.८ मॉड्यूलचे (हे सिनेमातलं दातांचं ठरलेलं माप) दात आधीच आहेत, दोन्ही टोकांना ती अडते, अंतराच्या खुणा आहेत. तिच्यावर फॉलो फोकस मनासारखा चालतो. पण तो फिरवणार कोण? एकट्याने हातात कॅमेरा घेऊन शूट करताना डावा हात थेट रिंगवर ठेवणं जास्त भरवशाचं. फॉलो फोकस दुसऱ्या माणसासाठी असतो. लघुपटाला कोणी मित्र फक्त फोकसवर बसणार असेल, तरच आणा. विकत घेत असाल तर कॅमेरा घट्ट बसवून नॉब अगदी थोडासा मागे-पुढे फिरवा. नॉब हलतो आणि रिंग हलत नाही असं क्षणभरही झालं तर त्या गिअरमध्ये ढिलाई आहे, तो घेऊ नका. गिंबलवर (कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या मोटरच्या हँडलवर) काम जास्त असेल तर वायरलेस मोटर बरी, पण तिलाही रॉड आणि बॅटरी लागते.

त्या मित्राला एक आकडा सांगून ठेवा. ८५ वर, टी १.५ ला, माणूस दोन मीटरवर असेल तर जेमतेम ३ सेंटिमीटर जागा फोकसमध्ये असते. डोळा साफ, कान गेला. तेच टी ४ ला ९ सेंटिमीटरच्या आसपास होतं. नवख्या माणसाला हे अंतर झेपतं, आणि मागचा घाट तरीही पुरेसा मऊ राहतो. अंतर टेपने मोजताना कॅमेऱ्याच्या अंगावर गोलातून रेघ गेलेली खूण असते तिथून मोजा, लेन्सच्या तोंडापासून नाही. फॉलो फोकसच्या डिस्कवर पांढरी टेप लावा आणि नटाच्या प्रत्येक थांब्याची खूण रिहर्सलमध्येच करून घ्या. नट खुणेवर थांबला नाही तर फोकसवाल्याला दोष देऊ नका, पुन्हा टेक घ्या.

यूव्ही फिल्टर कायम लावून ठेवू का, असंही विचारलंत. हळदीला आणि गुलाल उधळताना साधा पारदर्शक फिल्टर जरूर लावा, हळद लेन्सच्या कडेला गेली की निघता निघत नाही. रात्री मात्र काढा. दिव्यांच्या माळा, समया, गाडीचे हेडलाइट यांचं उलटं प्रतिबिंब त्या सपाट काचेमुळे फ्रेमच्या दुसऱ्या बाजूला तरंगताना दिसतं. मॅट बॉक्समध्ये ट्रे थोडा तिरका करून ते घालवता येतं, आट्यांच्या फिल्टरला ती सोय नाही.