कटिंगमध्ये गोळी टाकली म्हणून उपवास टिकत नाही

१६:८ उपवास (१६ तास काही खायचं नाही, उरलेल्या ८ तासांत जेवायचं) सुरू करताय, तर आधी टपरीवरच्या कटिंगकडे बघा. साखरेऐवजी स्वीटनरची गोळी टाकलीत तरी दूध उरतंच. ५० मिली दुधात निदान ३० कॅलरी आणि अडीच ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. उपवास तिथेच मोडला. त्या १६ तासांत कोरा चहाच घ्या. पुडीतला स्वीटनर असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा: डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं की समजा, पुडी भरायला कर्बोदकंच घातलीत. एकीनं बिघडत नाही, पण ऑफिसात दिवसाला सहा होतात. त्यापेक्षा स्टीव्हियाचे (गोड पानांच्या वनस्पतीच्या अर्काचे) थेंब बरे. गोड चवीनं भूकच खवळत असेल तर मात्र तेही सोडा. वजनासाठी स्वीटनरवर विसंबू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२३ मध्ये सुचवलंय. आणि इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा उपवास एक दिवसही करू नका. रक्तातली साखर एकदम खाली येऊ शकते.